खारपाण

मीटर माझ्या पदराच्या गाठीला असतो.
पेनाएवढा, ग्रामपंचायतीनं दिलेला.
लोकांच्या माठातून पेलाभर घेऊन मी तो बुडवते
आणि आकडा स्थिर होईस्तोवर घरातली बाई
माझ्या तोंडाकडे बघत राहते,
जशी मी तिची नाडीच धरलीय.

द्वारकाच्या दारचा हातपंप : दोन हजार आठशे चाळीस.
पाराजवळची विहीर : तीन हजारांवर.
शाळेच्या टाकीत आज नळाचं,
बावीस दिवसांनी आलेलं, गढूळ, पण गोड.

गोड म्हणजे इथं साखर नव्हे.
गोड म्हणजे ज्यात तुरीची डाळ शिजते,
ज्यात साबणाला फेस येतो,
आणि मुलीचा बाप सोयरीक ठरवायला आला की
घोट घेऊन तोंड वाकडं करत नाही.
माझ्या बापानं घोट घेतलाच नव्हता.
त्याला शेवटची एसटी गाठायची होती.

पूर्णेच्या या काळ्या रानात
समुद्र कोणी पाहिलेला नाही.
खवणेकर मास्तर बदलून आले
तेव्हा पोरांनी पहिल्याच दिवशी विचारलं,
"सर, समुद्र केवढा रायते हो?"
सरांनी नुकताच तांब्या तोंडाला लावला होता.
गिळला नाही, थुंकलाही नाही,
गाल फुगवून तसेच उभे राहिले.
मग म्हणाले, "तुम्ही त्याच्यावरच बसलायत."

त्यांच्या गावी खाडी आहे म्हणे, अंगणापर्यंत येणारी.
होळी झाली की विहीर मचूळ होते.
आई कळशा होडीत घालून पलीकडच्या तीराला जाते,
भरती बघून निघते, ओहोटीच्या आत परतते.
"सगळीकडे पाणीच पाणी,
आणि भात शिजवायला नाही," सर म्हणाले,
आणि खडू शोधू लागले.

माझी सासू कवडाबाई
मंगळवारी आणि शुक्रवारी अकोल्याला जाते, मशीनवर.
डॉक्टरनं दिवसाला अर्धा लिटर सांगितलंय.
पितळेच्या वाटीनं मोजते ती,
आणि नाण्यावर मिळणारं कॅनचं पाणी तिला नको असतं.
"मेल्या मानसाच्या तोंडात टाकाचं पानी हाये हे.
याले ना चव, ना ढव."
साठ वर्षं जे प्याली
तेच तिला पाणी वाटतं. मी काय बोलू?
त्या कॅनच्या मशीनचं उरलेलं पाणी
नालीतून लिंबाखाली जातं, तिथं पांढरा थर धरतो.
शेळ्या चाटतात.

दिवाळीच्या सुट्टीनंतर सर आले
ते सोड्याच्या बाटलीत समुद्र घेऊन.
पोरं रांगेत. प्रत्येकाला एक थेंब, तळहातावर.
तोंडं करून झाली, थुंकून झालं,
वैभ्यानं दोनदा रांग लावली.
मग बाटली घेऊन सर आमच्या घरी आले,
एसटीच्या धुळीनं ओठ फुटलेले.
मी मीटर बुडवला.
आकडा आलाच नाही, नुसत्या आडव्या रेघा.

कवडाबाईनं बोट बुडवून जिभेला लावलं.
"हे तं माह्या माहेरच्या हिरीचं."
बोट पुसलं लुगड्याला.
थोड्या वेळानं :
"मंग तिकळचे लोकं काय पेतात व?"

सर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते,
ज्यावर मी नळाच्या तारखांना गोल केलेत.
तिनं वाटी उचलली, संध्याकाळच्या वाट्याची,
आणि त्यांच्याकडे सरकवली.
"घ्या, मास्तर. मोजलेलं हाये."
त्यांनी घेतली.
मी मधे पडले नाही.

वहीत रकाने आहेत. स्रोत : बाटली, मी लिहिलं.
खोली : माहीत नाही.
पिण्यास योग्य की अयोग्य, तिथं पेन थांबलं,
अयोग्य तर आहेच,
पण त्या पानावर वरपासून खालपर्यंत तेच लिहिलेलं.

बाटली आता फळीवर, मिठाच्या बरणीशेजारी.
उद्या नळ येणार म्हणतात.
गुंड घासून पालथे घातलेत,
आणि उशाशी टॉर्च,
कारण तो आला तर रात्री तीनला येतो.